‘केमिकल नसलेला’ गांजाचा अर्क: सॉल्व्हेंटलेस म्हणजे सुरक्षित का?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात एक काकू दवाखान्यात आल्या. काकांची स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू होती. मळमळ थांबत नव्हती, वजन उतरत चालले होते. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. त्याने व्हॉट्सॲपवर एका छोट्या काचेच्या बरणीचा फोटो पाठवला होता. आत मधासारखा पिवळसर, घट्ट पदार्थ. बरणीवर लिहिले होते ‘लाइव्ह रोझिन, सॉल्व्हेंटलेस’. तिकडच्या परवानाधारक दुकानातून त्याने ती घेतली होती आणि सुट्टीवर येताना आणणार होता. काकूंचा प्रश्न सरळ होता: “डॉक्टर, यात अजिबात केमिकल नाही म्हणे. मग द्यायला काय हरकत आहे?”

तेव्हापासून अशा धर्तीचे प्रश्न मला आणखी दोन-तीन घरांतून आले. ज्यांची मुले अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत, त्या घरांतून तर नक्कीच येतात. अमेरिकेच्या अनेक राज्यांत गांजा कायदेशीर झाला, कॅनडात तो १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर झाला आणि बरोबर एक वर्षाने तिथे अर्कांनाही परवानगी मिळाली. त्या बाजारात सध्या ‘सॉल्व्हेंटलेस’ हा शब्द आपल्याकडच्या ‘ऑरगॅनिक’सारखा चालतो. किंमत जास्त, डबा देखणा, आणि ‘हा शुद्ध, तो दुसरा रसायनांचा’ असा समज. हा समज कुठपर्यंत खरा आहे ते पाहू.

घाण्याचे तेल आणि रिफाइंड तेल

गांजाच्या झाडाच्या फुलोऱ्यावर अगदी बारीक, भिंगातून दिसतील अशा चिकट ग्रंथी असतात. नशा आणणारे टीएचसी, सीबीडी आणि वास देणारी टर्पीन नावाची तेले यांचा मुख्य साठा तिथेच असतो. अर्क काढायचा म्हणजे पाला बाजूला टाकून या ग्रंथींतला माल गोळा करायचा. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात फक्त यांत्रिक काम होते. हिमाचलात हातावर चोळून चरस काढतात, तोच हा जुना प्रकार. आजच्या कारखान्यात बर्फाच्या पाण्यात फुलोरा ढवळून ग्रंथी गाळण्यांतून वेगळ्या करतात, किंवा तापलेल्या दोन पत्र्यांमध्ये दाबून रस बाहेर काढतात. दाबून काढलेल्या या रसाला रोझिन म्हणतात. हे झाले सॉल्व्हेंटलेस.

दुसऱ्या मार्गात एखाद्या द्रावकात माल विरघळवतात आणि मग द्रावक उडवून लावतात. ब्युटेन, प्रोपेन, इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, किंवा प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड हे नेहमीचे द्रावक. शॅटर, वॅक्स, ‘लाइव्ह रेझिन’, व्हेप पेनमधले डिस्टिलेट असे बहुतेक प्रकार या वाटेने येतात. रेझिन आणि रोझिन या नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण कृती पूर्ण वेगळी. तिकडचे गिऱ्हाईकही यात फसते.

तुम्हाला हे ओळखीचे वाटेल, कारण आपल्या स्वयंपाकघरात हाच वाद आहे. लाकडी घाण्याचे तेल दाबून निघते. सोयाबीनचे रिफाइंड तेल बहुतेक वेळा हेक्झेन या द्रावकाने काढलेले असते. म्हणून आपण रिफाइंड तेलाला विष म्हणत नाही, आणि घाण्याचे तेल आहे म्हणून वाटीभर पीतही नाही. गांजाच्या अर्काबाबत मात्र लोकांचा हा साधा हिशेब सुटतो.

उरलेल्या द्रावकाचे गणित

द्रावक उडवला तरी थोडा अंश मागे राहतोच. तो किती चालेल याची मर्यादा कायदेशीर राज्यांनी ठरवली आहे. कॅलिफोर्नियात ब्युटेन, प्रोपेन आणि इथेनॉलसाठी ती दर ग्रॅम अर्कामागे ५००० मायक्रोग्रॅम आहे, हेक्झेनसाठी २९० आणि बेंझीनसाठी फक्त १. हेक्झेनचा २९० हा आकडा औषधनिर्मितीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हाच आहे. आपल्याकडे खाद्यतेलासाठी हेक्झेनची मर्यादा ५ आहे. वरवर पाहिले तर भीतीच वाटते: तेलात ५ आणि या अर्कात २९०?

पण माणूस दिवसाला तेल ३० ग्रॅम खातो. ५ च्या हिशेबाने पोटात १५० मायक्रोग्रॅमपर्यंत हेक्झेन जाऊ शकते. अर्क एका दिवसात ग्रॅमचा दहावा भाग घेतला, तर २९० च्या हिशेबाने २९ मायक्रोग्रॅम. ब्युटेनचेही तसेच. तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे साधारण २५ मिलिग्रॅम अर्क एका वेळी ओढला आणि त्यात ब्युटेन अगदी मर्यादेला टेकलेले असले, तरी ते मिलिग्रॅमचा आठवा भाग भरते. ओढणे आणि गिळणे यांत फरक आहे. फुफ्फुसातून पदार्थ थेट रक्तात जातो, यकृताची चाळणी मध्ये येत नाही, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही माझे मत असे की तपासलेल्या, परवानाधारक मालात उरलेला द्रावक ही काळजीच्या यादीतली बरीच खालची गोष्ट आहे.

तपासलेल्या मालात, हे शब्द सोडू नका. चोरून घरी काढलेल्या अर्काला यातले काहीच लागू होत नाही. कर्करोग बरा करतो म्हणून इंटरनेटवर प्रसिद्ध असलेले ‘रिक सिम्पसन ऑइल’ मूळ कृतीत नॅफ्था वापरून काढत असत. हा पेट्रोलियमचा द्रावक. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या द्रावकांनी असे तेल काढून तपासले, तेव्हा नॅफ्थाच्या तेलात पेट्रोलियमचे अंश शिल्लक सापडले. रुग्णाच्या तोंडात घालायची ही वस्तू नव्हे.

खरा स्फोट घरात होतो

द्रावकाचा सगळ्यांत मोठा धोका घेणाऱ्यापेक्षा काढणाऱ्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला आहे. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळते, म्हणजे खोलीच्या तापमानाला त्याचा वायू होतो. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि फ्रिजच्या बटणाची ठिणगीही त्याला पुरते. आपल्या घरातल्या सिलिंडरमध्येही मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेनच असतात. पण त्यात गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो. अर्कासाठी वापरतात ते शुद्ध केलेले ब्युटेन वासाशिवाय असते. कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियातल्या जळीत विभागांना हे रुग्ण चांगले परिचयाचे आहेत. मे २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या मध्यभागी या धंद्याला माल पुरवणाऱ्या एका गोदामात स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे दहाहून अधिक जवान जखमी झाले. कॅनडाच्या कायद्याने घरी गांजा लावायला परवानगी दिली (काही प्रांतांचा अपवाद), पण ज्वालाग्राही द्रावकाने घरी अर्क काढायला साफ मनाई केली, ती याच कारणाने.

तिकडे शिकायला गेलेली मुले चार-पाच जण मिळून घर भाड्याने घेतात. घरात कुणी असले प्रयोग करत असेल, तर ‘आपल्याला काय’ म्हणून तिथे राहू नये. पालकांनी एवढे तरी फोनवर स्पष्ट सांगावे.

या एका बाबतीत सॉल्व्हेंटलेस पद्धत निर्विवाद चांगली आहे. दाबाच्या यंत्राने बोट भाजेल, इमारत उडत नाही.

जे धोके दोन्हीकडे सारखेच

यापुढचा भाग बरण्यांवर छापलेला नसतो.

पहिली गोष्ट कीटकनाशकांची. अर्क म्हणजे आटवलेला माल. झाडावर जे फवारले तेही त्याबरोबर आटते, मग दाबून काढा की विरघळवून. द्राक्षाच्या भुरीवर वापरतात ते मायक्लोब्युटॅनिल नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना माहीत असेल. द्राक्ष आपण खातो, जाळून ओढत नाही. हेच बुरशीनाशक जास्त तापले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. म्हणून कॅलिफोर्नियाने ओढण्याच्या गांजात त्याला जागा दिलेली नाही. तरीही जून २०२४ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने कायदेशीर दुकानांतून घेतलेला माल स्वतंत्रपणे तपासून घेतला, तेव्हा अनेक उत्पादनांत कीटकनाशके सापडली. त्या मालाजवळ प्रयोगशाळेचे ‘पास’ प्रमाणपत्र होते. कायदेशीर म्हणजे निर्धोक, हे समीकरण तिथे तरी मोडले.

दुसरी गोष्ट बुरशीची, आणि इथे तर सॉल्व्हेंटलेस मागे पडतो. अल्कोहोलसारख्या द्रावकात बरेचसे जंतू मरतात. बर्फाच्या पाण्यातून काढलेला माल नीट वाळला नाही तर उलट बुरशीला ओल मिळते, आणि रोझिन दाबताना लागणारी थोडा वेळची उष्णता सगळे बीजाणू मारते असे नाही. निरोगी माणसाला त्याने फारसा फरक पडणार नाही. पण केमोथेरपीत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या रुग्णाने ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू फुफ्फुसात ओढले, तर जिवावर बेतणारा न्यूमोनिया होऊ शकतो. ‘केमिकल नाही’ म्हणून ज्यांना हा माल द्यावासा वाटतो, नेमके तेच या धोक्याच्या तोंडी असतात. काकूंना मी सर्वांत आधी हे सांगितले.

तिसरी गोष्ट तापमानाची. हे अर्क बहुधा तापलेल्या धातूवर किंवा काचेवर टेकवून वाफ ओढतात. त्याला ‘डॅबिंग’ म्हणतात. ओरेगनच्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले की टर्पीन फार तापले की त्यातून बेंझीन आणि मेथाक्रोलीन तयार होतात. बेंझीन कर्करोगकारक आहे. म्हणजे प्रयोगशाळेने दर ग्रॅम १ मायक्रोग्रॅमवर रोखून धरलेले बेंझीन वापरणारा स्वतःच्या हाताने, घरच्या घरी तयार करतो. आणि ‘लाइव्ह’ मालाची जाहिरात कशावर होते? भरपूर टर्पीनवर.

चौथी गोष्ट भेसळीची. २०१९ मध्ये अमेरिकेत तरुण मुले अचानक धाप लागून अतिदक्षता विभागात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू. दोष ना ब्युटेनचा होता ना गांजाचा. चोरट्या बाजारातल्या व्हेप कार्ट्रिजमध्ये तेल दाट दिसावे म्हणून व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळले होते. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातील द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत ते सापडले. गोळी म्हणून गिळले तर निरुपद्रवी असलेले जीवनसत्त्व फुफ्फुसात गेल्यावर घात करते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने मी हुरळून जात नाही, त्यामागे ही आठवणही आहे.

मूळ प्रश्न ताकदीचा

इतके सगळे लिहूनही मला वाटते की द्रावक आहे की नाही हा वाद मुख्य प्रश्नावरून लक्ष उडवतो. मुख्य प्रश्न आहे तो टीएचसीच्या प्रमाणाचा. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात सरासरी ४ टक्के टीएचसी असे. आज दुकानातल्या फुलोऱ्यात १५ ते २५ टक्के सहज असते आणि अर्कात ६० ते ९०. रोझिन असो की शॅटर, दोन्ही याच टोपलीतले.

तो तांदळाचा दाणा पुन्हा आठवा. ७५ टक्क्यांच्या अर्काचा २५ मिलिग्रॅमचा दाणा म्हणजे जवळजवळ १९ मिलिग्रॅम टीएचसी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधनासाठी ठरवलेले टीएचसीचे प्रमाण एकक आहे ५ मिलिग्रॅम. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी तिथे १९८५ पासून मान्य असलेली ड्रोनॅबिनॉल ही टीएचसीचीच कॅप्सूल आहे आणि तिची सर्वांत लहान मात्रा २.५ मिलिग्रॅम. ओढलेले सगळे रक्तात उतरत नाही हे खरे, पण जन्मात कधी भांगही न घेतलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला या दाण्याने काय होईल याचा अंदाज बांधा: छाती धडधडणे, रक्तदाब पडून चक्कर, भलतीच भीती, भास. हृदयाचा रुग्ण असेल तर त्याहून वाईट.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी १२१ नेहमीच्या वापरकर्त्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. केंद्रीय कायद्यामुळे विद्यापीठात गांजा आणता येत नव्हता, म्हणून त्यांनी वापरकर्त्यांच्या दाराशी प्रयोगशाळेची गाडी नेली. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातले टीएचसी फुलोरा ओढणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाले, पण दोघांचीही झिंग साधारण सारखीच होती. शरीराला सवय झाली की इतका साठा अंगात असूनही ‘मला काही होत नाही’ असे वाटते, हा त्याचा अर्थ मी लावतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आलेल्या युरोप आणि ब्राझीलमधील अभ्यासात, १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचा आजार आढळण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट होती. तिथे १० टक्के म्हणजे ‘जास्त’ होते. आपण इथे ७५ बद्दल बोलतो आहोत.

सरकारांनाही हे कळू लागले आहे. व्हर्माँटने घन अर्कांवर ६० टक्क्यांची मर्यादा घातली. कोलोरॅडोने २०२१ च्या कायद्याने वैद्यकीय कार्डावर दिवसाला मिळणारा अर्क ४० ग्रॅमवरून ८ वर आणला आणि १८ ते २० वयाच्या रुग्णांसाठी २ ग्रॅमवर. यातल्या एकाही नियमाने द्रावक वापरला की नाही हे विचारलेले नाही. मला ते बरोबर वाटते.

तिकडे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक खूण. मुलगा वारंवार, दिवसच्या दिवस उलट्या करतो, पोट दुखते, तपासण्या सगळ्या नॉर्मल, आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली तासन् तास उभे राहिले की बरे वाटते. असे असेल तर त्याला रागावू नका, पण गांजाबद्दल थेट विचारा. दीर्घकाळच्या जास्त वापरानेच होणारा हा आजार आहे आणि गांजा पूर्ण बंद करणे हाच त्यावरचा पक्का उपाय आहे. घरातल्या लहान मुलाने चुकून असा पदार्थ खाल्ला, तर अमेरिकेत पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर लगेच फोन करावा, झोपून उतरेल म्हणून थांबू नये.

आणि विमानतळ

आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा चरसाची व्याख्या करताना झाडापासून वेगळी केलेली राळ, ‘कच्ची असो वा शुद्ध केलेली’, आणि हशिश तेल अशा सगळ्यांना एकाच कंसात घेतो. तिकडच्या बरणीवरचा ‘सॉल्व्हेंटलेस’ शब्द इथे काहीच बदलत नाही. तिकडच्या डॉक्टरांचे कार्ड, दुकानाची पावती, वडिलांची केमोथेरपीची फाइल यांनीही नाही. प्रमाण १०० ग्रॅमच्या आत असले तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. व्हेप पेन असेल तर २०१९ चा ई-सिगारेट बंदी कायदा वेगळा. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर गांजा सापडल्याच्या बातम्या सतत येत असतात. तिकडे उघड्या दुकानात मिळते म्हणून इकडे चालेल, असे समजणारे त्यांत काहीजण असणारच.

काकूंना मी हेही सांगितले, आणि त्यांचा चेहरा उतरला. कायद्याचा विचार त्यांच्या मनातच आला नव्हता. त्यांना फक्त नवऱ्याने दोन घास खावेत एवढेच हवे होते.

अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ॲस्कोने, मार्च २०२४ मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वे दिली. कर्करोगावर उपचार म्हणून, चाचणीबाहेर, गांजा वापरू नये असे त्यांत स्पष्ट आहे. मळमळीसाठी मात्र दार पूर्ण बंद नाही: नेहमीची औषधे नीट देऊनही उलट्या थांबल्या नाहीत, तर ड्रोनॅबिनॉल, नॅबिलोन किंवा दर्जा तपासलेला, टीएचसी आणि सीबीडी सम प्रमाणात असलेला तोंडाने घ्यायचा अर्क विचारात घेता येतो. ओढायचा ७५ टक्क्यांचा रोझिन या यादीत नाही. आपल्याकडे आयुर्वेदिक ‘विजया’ अर्क ऑनलाइन मिळतात. आपल्या नियमांत भांग ही वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायच्या द्रव्यांत येते. ते घ्यायचे असतील तर दर मिलिलिटरमध्ये टीएचसी किती, सीबीडी किती, अर्क कशात काढला आणि बॅचचा तपासणी अहवाल कुठे आहे, हे विचारा. वॉरफेरिन किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. वॉरफेरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि सीबीडीमुळे क्लोबाझामचा अंमल वाढून रुग्ण गुंगीत राहतो.

‘नेहमीची औषधे नीट देऊनही’ या शब्दांवर मी काकांची फाइल पुन्हा वाचली. उलटीची गोळी लिहिलेली होती, पण काका ती उलटी झाल्यावरच घेत होते. वेळेवर घ्यायची असते हे त्यांना कुणी समजावले नव्हते. मी त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी रात्रीची ओलांझापिनची गोळी जोडली आणि पुढच्या चक्रासाठी औषधांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. काकांनी मेतकूट-भात खाल्ला होता, थोडाच, पण पोटात टिकला होता. मुलगा ठरल्याप्रमाणे सुट्टीवर आला. बरणी त्याने तिकडेच ठेवली होती.